पथ्य आणि पंगत
(नभोवाणीवरील भाषण)



पथ्य हा शब्द पूर्वीं आपल्या घरांत आजाऱ्याच्या खाटेजवळ ऐकूं येत असे. ताप उतरला, पेज झाली, मुगाचें कढण झालें, चार दिवसांनीं मऊ भात वाढला, कीं पथ्य संपलें. त्याला आरंभ होता आणि शेवटहि होता. आज ज्या पथ्याविषयीं मी बोलणार आहें तें खाटेजवळचें नव्हे, पंगतींतलें आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हीं दुखणीं बरोबर घेऊन माणूस हिंडतो-फिरतो, कचेरीला जातो, लग्नकार्यांत पुढें होऊन काम करतो. त्याला कोणी आजारी समजत नाहीं आणि तो स्वतःहि तसें समजत नाहीं. पथ्य मात्र त्याच्यामागें जन्माचें लागलेलें असतें. आणि तें पाळावयाचें तें चारचौघांच्या देखत, भरल्या पानावर बसून.

या सर्व पथ्यांचा प्रतिनिधि म्हणून मी मधुमेहाचें पथ्य घेतों. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटि १० लक्ष आहेत, आणि रक्तांतील साखर वाढूं लागलेली पण अद्याप मधुमेहाच्या पायरीला न पोंचलेली, अशीं आणखी १३ कोटि ६० लक्ष माणसें आहेत. प्रौढ माणसांत हें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ११.४ आणि १५.३ पडतें, शहरांत तें खेड्यांहून अधिक आहे. म्हणजे पन्नास पानांची पंगत बसली असतां पांचसहा पानांवर मधुमेही बसलेले असतात, आणि सातआठ पानांवर त्याच्या उंबरठ्याशीं आलेले. कित्येकांना आपण त्यांत आहों हें ठाऊकहि नसतें. तेव्हां हा प्रश्न कोणा एका दुर्दैवी माणसाचा नसून सबंध पंगतीचा आहे.

पथ्याचें महत्त्व तरी किती? १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिनचा शोध लावला आणि १९२२ च्या जानेवारींत एका चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं जवळजवळ उपाशी ठेवण्याइतकें कडक पथ्य हाच काय तो डॉक्टरांच्या हातचा उपाय होता. आज औषधें पुष्कळ आहेत. तरी पथ्याचें काम संपलेलें नाहीं. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनीं खाणें आवरून वजन थोडें उतरविलें आणि आठवड्याला १५० मिनिटें चालण्याचा किंवा तसाच व्यायाम ठेवला, तेव्हां रोग जडण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. ज्यांना नुसती गोळी दिली होती त्यांच्यांत तें शेंकडा ३१ नें घटलें. उलट पथ्याची हेळसांड झाली, तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें आणि पायांच्या नसा यांवर रोगाचा घाला पडतो. हा घाला आवाज न करतां पडतो. आज खाल्लेल्या लाडवाची शिक्षा आज मिळत नाहीं, कित्येक वर्षांनीं मिळते, आणि म्हणूनच तो लाडू निरुपद्रवी वाटतो.

मग इतकें उपयुक्त पथ्य मोडतें कां? अज्ञानामुळें म्हणावें, तर साखर वाईट हें आज शाळकरी मुलाला ठाऊक आहे. जिभेच्या लालसेमुळें म्हणावें, तर तीच माणसें एकटीं असतां बहुधा नीट वागतात. माझ्या समजुतीनें पथ्य मोडतें तें भुकेनें नव्हे, लोभानेंहि नव्हे. तें मायेनें मोडतें. आपल्याकडे जेवूं घालणें ही प्रेमाची भाषा आहे. सासुरवाशीण माहेरीं आली कीं तिच्या आवडीचा पदार्थ होतो. जांवई आला कीं पक्वान्न होतें. भांडण मिटलें तर एकत्र जेवून मिटतें. अशा घरांत वाढलेलें अन्न नाकारणें म्हणजे वाढणाऱ्या हाताला नाकारणें, असा अर्थ न बोलतां होऊन बसतो.

त्यांत आपल्या पंगतीचे दोन नियम एकमेकांत अडकलेले आहेत. पहिला नियम यजमानाचा : आग्रह केलाच पाहिजे, न केला तर हात आंखडता घेतला असें होतें. दुसरा नियम पाहुण्याचा : पानांत टाकूं नये, टाकणें हा अन्नाचा अपमान. प्रत्येक नियम आपापल्या परीनें चांगला आहे. पण दोन्ही मिळून पथ्यवाल्याला कात्रींत धरतात. तो पानावर आडवा हात धरतो, वाढणारी वहिनी हाताच्या बाजूनें पोळी सरकविते, आणि एकदां पानांत पडलेली पोळी टाकतां येत नाहीं. "भाऊजी, एवढी एक तरी घ्याच, माझ्या हातची तुम्हांला कुठें रोज मिळते?" या प्रश्नाला वैद्यकशास्त्रांत उत्तर नाहीं. शेजारून कोणी काका म्हणतात, "घे रे, आजच्या दिवशीं एक गोळी जास्त घे म्हणजे झालें!" हा सल्ला तर धोक्याचाच आहे. गोळ्यांचें प्रमाण डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें, पंगतीनें नव्हे.

अशा वेळीं बहुतेक लेखक मनोनिग्रहाचा उपदेश करतात. पण प्रत्येक वाढपाबरोबर पुन्हां नव्यानें निग्रह करावयाचा म्हणजे एका जेवणांत दहा लढाया लढावयाच्या. नऊ जिंकल्या तरी दहावी हरतेच. यास्तव निग्रहाहून बळकट असें कांहीं पाहिजे. आणि तें शोधण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या खाद्यसंस्कृतींत जसा आग्रह आहे, तसा नकारहि आहे, आणि तो मोठ्या सन्मानानें बसविलेला आहे.

चातुर्मासाचेंच पाहा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करावयाची, कांद्याचीं भजीं, थालिपिठें यथेच्छ खावयाचीं, आणि एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगें वर्ज्य करावयाचें, ही चाल कित्येक घरांत अजून आहे. ज्यानें हा नेम धरला आहे त्याच्या पानांत कांद्याची भजी सरकविण्याचा आग्रह कोणी करतें काय? उलट यजमानीणबाई मुद्दाम विचारतात, "तुमचा चातुर्मास आहे ना? मग तुमच्यासाठीं बिनकांद्याचें काढून ठेवलें आहे." तीच गोष्ट यात्रेची. काशीगयेला जाऊन आलेले आपले वडीलधारे लोक तेथें आवडीची एखादी वस्तु जन्माची सोडून येत. कोणी आंबा सोडी, कोणी एखादी भाजी. आंबा सोडलेल्या आजीबाईंना भर वैशाखांत कोणी म्हणत नसे, "एक फोड घ्याच हो, त्यानें काय होतें?" घरांतलीं मुलें रसाच्या वाट्या ओरपीत असत आणि आजीबाई शेजारीं बसून शांतपणें आपला ताकभात जेवीत. त्यांनाहि त्रास नाहीं आणि दुसऱ्यांनाहि संकोच नाहीं.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, देवासाठीं सोडलेल्या आंब्याला सगळे मान देतात, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलेल्या आंब्याची सगळे थट्टा करतात, असें कां? श्रद्धा हें एक कारण आहेच. पण तेवढेंच कारण नाहीं. नेमाची घडणच पथ्याच्या घडणीहून पक्की असते. नेम एका नांवाच्या वस्तूचा असतो. "बेतानें खाईन" असा नेम कोणी धरीत नाहीं. नेम आधीं जाहीर झालेला असतो. तो पानावर बसल्यावर सांगितला जात नाहीं. नेमाला तिथि असते. तो केव्हां सुरू व केव्हां सुटतो हें सर्वांना ठाऊक असतें. आणि नेम घरानें सांभाळावयाचा असतो. धरणारा एक, पण जपणारे सगळे. याच्या उलट आपलें पथ्य पाहा. "गोड कमी करा" एवढें मोघम वाक्य. तें सांगावयाचें तोंड चुकवून. आज पाळावयाचें, उद्यां सोडावयाचें. आणि तें एकट्यानें. असें पथ्य आग्रहापुढें टिकणार कसें? म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, पथ्याला नेमाचें रूप द्या.

तें कसें द्यावें हें आतां क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट, नेम कोणत्या वस्तूचा धरावा हें हिशेब करून ठरवावें. सणाच्या पुरणपोळीवर सगळ्यांचा रोख असतो. तिचाच हिशेब आधीं घेऊं. पुरणांत डाळीच्या बरोबरीनें गूळ घालण्याची सर्वसाधारण रीत आहे. त्या मानानें एका बेताच्या पोळींत सुमारें २५ ग्रॅम गूळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सांगितलें कीं, वरून घातलेली साखर, गूळ, मध वगैरे मिळून दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या शेंकडा १० च्या आंत असावी, आणि शेंकडा ५ च्या आंत आणतां आली तर अधिक चांगलें. हें दुसरें प्रमाण म्हणजे दिवसाला सुमारें २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. म्हणजे निरोगी माणसाचीसुद्धां दिवसाची शिधा एका पोळींत संपली. होळीच्या दिवशीं तीन पोळ्या झाल्या तर ७५ ग्रॅम गूळ झाला, आणि पोळीचें पीठ व डाळ यांचा पिष्टांश निराळाच.

पण आतां चहाचा हिशेब करा. दिवसाला चार कप, दर कपाला दोन लहान चमचे, चमच्याला ४ ग्रॅम धरले तर दिवसाला ३२ ग्रॅम साखर झाली. तीन दिवसांत होळीच्या तीन पोळ्या मागें पडल्या, आणि महिन्याला जवळजवळ एक किलो साखर नुसत्या चहांतून पोटांत गेली! मोठे सण मोजले, तर पाडव्यापासून होळीपर्यंत ते पंचवीस-तीस दिवसांपलीकडे जात नाहींत. बाकीचे सव्वातीनशेंहून अधिक दिवस साधे आहेत. घात सणाच्या दिवसांपेक्षां या साध्या दिवसांत अधिक होतो. डॉक्टर लोक 'एचबीए१सी' नांवाची रक्ताची तपासणी करतात, तीहि हेंच सांगते. तांबड्या रक्तपेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. त्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी समजते. या परीक्षेंत एका दिवसाची हजेरी मोजीत नाहींत, सबंध सत्राची मोजतात. म्हणून पहिला नेम चहांतील साखरेचा धरावा. तो सर्वांत सोपा, रोजचा, आणि फळ देणारा आहे. "मी चहांत साखर घेत नाहीं" हें वाक्य एकदां प्रसिद्ध झालें, कीं दारोदार हळदीकुंकवाला किंवा तिळगुळाला गेलें तरी तें आपलें रक्षण करतें.

येथें गुळाविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. "साखर नको तर गूळ घालतें, गूळ चालतो," असें घरोघर म्हणतात. गूळ चालत नाहीं. गुळांतहि मुख्य भाग साखरेचाच असतो. थोडे क्षार अधिक असतात, पण रक्तांतील साखर त्यानेंहि चढते. मधाचेंहि तेंच. हें मत केवळ आधुनिकांचें आहे असेंहि नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना बैठें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य यांच्या जोडीला गुळाचे पदार्थ स्पष्टपणें घातलेले आहेत. परंपरेचा आधार घ्यावयाचा तर पुरता घ्यावा. ज्वारीच्या भाकरीचीहि अशीच समजूत आहे. भाकरी चांगली खरी. पण ती चांगली म्हणून तीन खाल्ल्या, तर पिष्टांशाचा हिशेब चुकतोच.

दुसरी गोष्ट, सणाच्या पक्वान्नाची संख्या आधीं ठरवावी. मी संख्या म्हणतों, बंदी म्हणत नाहीं. ज्याला डॉक्टरांनीं पूर्ण मना केली आहे त्याची गोष्ट वेगळी. एरवीं सणाच्या दिवशीं एक पोळी, एक मोदक, श्रीखंडाचे दोन चमचे असा निश्चित आंकडा डॉक्टरांना विचारून ठरवितां येतो, आणि त्या मानानें त्या जेवणांतला भात किंवा साधी पोळी कमी करतां येते. गोड सणाच्या दिवशींच, आणि सण पंचांगांतलाच, एवढें पथ्य राखलें तरी पुष्कळ साधतें. पूर्वीं पुरणपोळी वर्षांतून मोजके दिवस होई; आज ती, आणि श्रीखंडहि, दुकानांत बारा महिने मिळतें. सणाचें कुंपण मोडलें, हें आपल्या पथ्याचें खरें दुखणें आहे. कुंपण पुन्हां घातलें तर सणाची गोडीहि परत येईल.

तिसरी गोष्ट वाढून घेण्याची. चातुर्मासाच्या नेमांत एकभुक्त, धरणेंपारणें यांबरोबर 'एकवाढी' नांवाचा एक नेम आहे. जें काय जेवावयाचें तें सर्व एकदांच वाढून घ्यावयाचें, मागून कांहीं घ्यावयाचें नाहीं. मधुमेह्यासाठीं याहून सुरेख नेम शोधून सांपडणार नाहीं! आग्रहाचें सगळें बळ दुसऱ्या आणि तिसऱ्या वाढपांत असतें. एकवाढीनें तें बळच जातें. पानांत टाकूं नये हा नियमहि पाळला जातो, कारण पान आपणच मापानें भरलेलें असतें. त्या पानाचीं दोन अंगें आपल्या पूर्वजांनीं मोठ्या चातुर्यानें ठरविलीं आहेत. डाव्या बाजूच्या वस्तु, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, लोणचें, बोटानें घ्याव्या एवढ्याच वाढतात. पथ्यवाल्यानें आपलें पक्वान्न डाव्या बाजूला आणावें, म्हणजे चटणीच्या मापानें घ्यावें; आणि तिकडची कोशिंबीर मात्र उजवीकडे आणून भाजीच्या मापानें घ्यावी. जेवणाचा क्रमहि थोडा बदलावा. वरणभातानें आरंभ करण्याऐवजीं कोशिंबीर, पालेभाजी, उसळ यांनीं करावा, आणि भात शेवटीं थोडा ताकाशीं घ्यावा. भाजी व प्रथिनांचे पदार्थ आधीं आणि पिष्टमय पदार्थ मागून खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी चढते, असें अलीकडील प्रयोगांत दिसून आलें आहे. जेवणानंतर थोडें चालण्यानेंहि ती उतरते. आपली शतपावली ही काय निराळी आहे? फक्त शंभर पावलांवर थांबूं नये.

चौथी गोष्ट भाषेची. "डॉक्टरांनीं बंद केलें आहे" असें म्हटलें कीं समोरचा माणूस डॉक्टरांशीं वाद घालूं लागतो. "आज नको" म्हटलें कीं उद्यांचें आमंत्रण येतें. "थोडेंच वाढा" म्हटलें कीं थोडें म्हणजे किती हें वाढणारीच्या हातांत जातें. त्यापेक्षां नेमाची भाषा वापरावी : "वहिनी, सणाला माझी एकच पोळी असते, ती झाली." आणि तेवढ्यावर न थांबतां पुढें लगेच म्हणावें, "आतां ती कटाची आमटी मात्र पुन्हां वाढा. फार नामी झाली आहे." हें दुसरें वाक्य पहिल्याहून महत्त्वाचें आहे. वाढणारीला पोळीच वाढावयाची असते असें नाहीं. तिला माया वाढावयाची असते. नुसता नकार दिला तर माया अडते. मागणी केली तर तिला वाट मिळते.

आतां उपवासाकडे वळूं. कारण कित्येकांना वाटतें कीं, उपवास म्हणजे पथ्यच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनीं केलेली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि आज तो मुख्यतः तामिळनाडूंत सेलमच्या आसपास तयार होतो. खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा गोड कीस हें उपासाचें ताट मधुमेह्याला साध्या जेवणाहून जड पडतें. शिवाय गंमत अशी कीं, कसावा, बटाटा, रताळें, मिरची आणि शेंगदाणा हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें; त्यानंतरच्या काळांत समुद्रापलीकडचे हे पदार्थ आपल्याकडे हळूहळू रुजले. म्हणजे ज्याला आपण सनातन उपासाचें खाणें समजतों, तें कांहीं शतकांपलीकडचें नाहीं. ज्या परंपरेनें परक्या कंदाला एकादशीच्या ताटांत मानाची जागा दिली, ती एका रोग्याच्या ताटांतून तो कंद वगळल्यानें बुडणार नाहीं.

आणि एक गोष्ट फार गंभीरपणें सांगावयाची आहे. जो इन्शुलिन घेतो किंवा साखर जोरानें उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतो, त्यानें डॉक्टरांना न विचारतां निरंकार उपवास कधींहि करूं नये. औषध पोटांत आणि अन्न नाहीं, अशा स्थितींत रक्तांतील साखर एकाएकीं खालीं जाते. हातपाय थरथरणें, दरदरून घाम येणें, छातींत धडधडणें, बोलण्यांत गोंधळ होणें हीं तिचीं लक्षणें. दर १०० मिलिलिटर रक्तांत ७० मिलिग्रॅमच्या खालीं साखर गेली, किंवा मोजण्याचें साधन नसून लक्षणें दिसलीं, तर त्या क्षणीं सर्व नेम बाजूला ठेवून सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे चारेक लहान चमचे, साखर पाण्यांतून द्यावी. १५ मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि गरज पडल्यास तेवढीच आणखी द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं न घालतां ताबडतोब डॉक्टरांची मदत घ्यावी. त्या दिवशीं एकादशी आहे, सोमवार आहे, हा विचारहि मनांत आणूं नये. रोगी, बालक आणि वृद्ध यांना व्रताचे निर्बंध नाहींत, ही सवलत आपल्या धर्मशास्त्रानें आधींच दिलेली आहे.

आतां ज्यांच्याविषयीं कोणी बोलत नाहीं त्यांच्याविषयीं. घरांतल्या पुरुषाला मधुमेह झाला तर बायको त्याचें पथ्य पाहते, सून पाहते, मुली पाहतात. पण खुद्द गृहिणीलाच मधुमेह झाला तर तिचें पथ्य कोण पाहतें? ती सर्वांच्या मागून जेवते. तिच्या जेवणाची वेळ ठरलेली नसते, आणि औषधाची वेळ जेवणावर अवलंबून असते. उरलेला शिरा वाया जाऊं नये म्हणून ती खाते. मुलांनीं टाकलेली अर्धी पोळी ती संपविते. दिवाळीच्या घाण्याची चव तिलाच पाहावी लागते. तिनें स्वतःसाठीं वेगळी भाजी करणें तिला चैन वाटते. अन्न वाया जाऊं नये हें खरें. पण तें वांचविण्यासाठीं तिनें आपली प्रकृति खर्चीं घालावी हा कोठला न्याय? अशा घरीं नेम तिचा नव्हे, घरानें धरावयाचा : तिचें पान सर्वांबरोबर वाढलें जाईल, उरलेलें अन्न आधीं झांकून ठेवलें जाईल, आणि तिच्या तपासणीची तारीख सणाच्या तारखेइतकी लक्षांत ठेवली जाईल.

याच न्यायानें, पथ्याचें ताट शक्य तों वेगळें करूं नये. एका कोपऱ्यांत एकट्यासाठीं शिजविलेलें बेचव अन्न माणसाला आजारापेक्षां अधिक खचवितें. त्याऐवजीं रोजच्या जेवणांत सर्वांसाठींच भाजी, उसळ, कोशिंबीर वाढवावी, भात व तळण आवरावें. चहाची साखर भांड्यांत न टाकतां वेगळी ठेवावी, ज्याला हवी त्यानें घ्यावी. यांत निरोगी माणसाचें नुकसान नाहीं. उंबरठ्यावर असलेल्या सातआठ जणांचा तर यांत फायदाच आहे.

यजमानांनाहि एक विनंति आहे. एकदां विचारणें हें आतिथ्य. दुसऱ्यांदां विचारणें ही आवड. तिसऱ्यांदां विचारणें ही मात्र पाहुण्याची परीक्षा होते. आग्रहाची आपली सुंदर चाल सोडूं नका. तिला फक्त नवी वस्तु द्या. "आणखी एक जिलबी" असें म्हणण्याऐवजीं "आणखी थोडी कोशिंबीर", "ताक घ्या", "पालेभाजी आवडली का?" असा आग्रह चालूं द्या. आमंत्रण देतांनाच "तुमचा कांहीं नेम आहे का?" एवढें विचारलें, तर पाहुणा निम्मा निर्धास्त होतो.

शेवटीं एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. इतर व्रतांना उद्यापन असतें. कार्तिकी एकादशी झाली कीं सोडलेली वस्तु दान करून पुन्हां घेतां येते. मधुमेहाच्या व्रताला उद्यापन नाहीं. म्हणून तें चार महिन्यांच्या हिशेबानें कडक न धरतां जन्मभर पेलेल इतकेंच धरावें. पण जेवढें धरावें तेवढें उघडपणें धरावें, आणि घरच्या माणसांच्या साक्षीनें धरावें. पंगत सोडून पथ्य पाळणें सोपें असेल. परंतु पंगतींत बसून, आपलें एकवाढीचें पान आनंदानें जेवून, हात धुवून सर्वांबरोबर उठतां येणें, हेंच आपल्याला साधावयाचें आहे.